आवाज फाटला? या

मी आयुष्यात एकदाच स्टेजवर मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात कर्कश प्रकार, वाजवलं, आणि नेमकं त्या दिवशी ते मेटल झालंच नाही. याला जबाबदार दोघं. एक मी आणि दुसरे नांदेडचे किसनमास्तर. त्यातला मी अजून आहे. लातूरला एका शिकवणी वर्गात रिपीटर बॅचला फिजिक्स शिकवतो. एकदा नापास झालेल्यांना दुसऱ्यांदा शिकवायला माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही, असं संचालकांना वाटलं असावं. किसनमास्तर मात्र गेले, आणि तेव्हापासून वर्गात ध्वनीचा धडा आला की माझी गाडी दर वेळी त्यांच्या दुकानापाशी जाऊन थांबते.

दुकान जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे काय, एक शटर, आत एक टेबल आणि बाकी सगळे स्पीकर. भिंतीला टेकलेले स्पीकर, छताला टांगलेले भोंगे, आणि पाहुणा आला तर बसायला स्पीकरचंच खोकं. बाहेर पाटी होती : ‘आवाज फाटला? या.’ खाली फोन नंबर होता, त्यातला शेवटचा आकडा पावसापाण्यानं गेलेला. तो परत रंगवा म्हणून मी दहादा सांगितलं असेल. "ज्याला गरज हाय तो चालत येतो," म्हणायचे, आणि लोक खरंच चालत यायचे.

मास्तरांची उंची बेताची, अंग वाळकं, चष्म्याची एक काडी तांब्याच्या बारीक तारेनं बांधलेली. स्पीकरच्या आतलं कॉइल गुंडाळायला जी तार वापरत, तीच. स्पीकरचा कागदी पडदा, त्याला ते कोन म्हणत, फाटला की त्यावर पातळ कागदाची पट्टी आणि गोंद लावून असा शिवायचे की शिवण शोधून सापडू नये. मग डोळे मिटून कान लावायचे. फाटका आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. समोरच्या हॉटेलात कुणी आरडाओरडा केला की टेबलावर त्यांचा अंगठा आणि बोट आपोआप उलटं फिरायचं, एखादं बटण कमी करावं तसं.

ती सवय साउंडच्या मिक्सरची. लग्न, सप्ताह, जयंती, सगळीकडे साउंड सांभाळायला मास्तरच. मिक्सरवर आवाज हद्दीबाहेर गेला की लाल दिवा लागतो. मास्तरांचा कायदा एकच : "लाल दिवा दिसला की हात मागं. फाटायच्या आत हात मागं." मंत्री भाषणाला उभा असला तरी मास्तर लाल दिव्याला मंत्र्यापेक्षा मोठा मानत. एका पुढाऱ्याचा आवाज त्यांनी इतका कमी केला होता की शेवटी तो माईक सोडून तसाच ओरडायला लागला. "तसंच बरं हाय," मास्तर म्हणाले, "तेचा आवाज तेच्याजवळ."

आणखी एक. माईक तपासताना सगळं जग ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणतं. मास्तर म्हणायचे, "आक्का, या." थांबायचे, आवाज ऐकायचे, बटण जरासं फिरवायचे, मग पुन्हा, "आक्का, या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खोक्यावरून उठून उभा राहिलो. वाटलं कुणी बाई आली. मागं वळून पाहिलं तर दारात एक शेळी. मास्तरांनी काही खुलासा केला नाही, आणि मीही विचारला नाही. त्या वयात मला स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाविषयी प्रश्न पडत नसत.

आता माझ्या मेटलकडे येतो, कारण लाज कधीतरी सांगून टाकलेली बरी. मी कंधारचा. नांदेडला इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलच्या चार पोरांनी मिळून एक बँड काढला. नाव ठेवलं ‘ब्लॅक कॉटन सॉइल’. ऐकायला भयानक वाटावं एवढीच अपेक्षा होती. खरं तर तो सिव्हिलच्या पुस्तकातला एक धडा होता, आणि आमच्यातल्या दोघांचा त्याच विषयात बॅकलॉग. गायक सायलू, देगलूरचा. तो पोटातून असा गुरगुरायचा की गाणं मराठीत आहे, तेलुगूत आहे का कन्नडमध्ये, हे त्यालाही सांगता यायचं नाही. गिटार माझ्याकडे. मला चार सूर येत होते, पण केस खांद्यापर्यंत होते, त्यामुळे भागून जायचं.

मेटलच्या गिटारला एक पायानं दाबायची पेटी लागते, पेडल. गिटारचा साधा स्वच्छ आवाज त्यात जातो आणि बाहेर येताना चिडून, खरखरीत होऊन येतो. आम्ही ती हैदराबादहून जुनी आणली होती. गॅदरिंगच्या दोन दिवस आधी ती मुकी झाली. कुणीतरी म्हणालं, किसनमास्तरांकडे जा. मी गेलो. पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "मास्तर, यातून नीट आवाज येत न्हाई."

त्या ‘नीट’नं माझा घात केला.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी पेटी घेतली आणि तडक स्टेजवर. तपासून बघायला वेळ होता कुठं? केस धुवायचे होते. पडदा उघडला, ड्रमवाल्यानं चार टिपऱ्या दिल्या, मी पाय आपटून पेटी दाबली, मान झटकली आणि सगळा जोर लावून तार छेडली. बाहेर काय आलं? दाताच्या दवाखान्यात पेशंटला धीर यावा म्हणून लावतात तसलं गोड, निर्मळ, शीतल संगीत. मी पुन्हा पेटी दाबली. आणखी निर्मळ. तेवढ्यात सायलूनं डोळे मिटून गुरगुरायला सुरुवात केली, आणि त्या शांत सुरांवर त्याचं ते गुरगुरणं ऐकून पहिल्या रांगेतल्या एका मॅडम उठून उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी आधी पाणी पाठवलं, मग ओआरएस पाठवलं. कार्यक्रम संपल्यावर एक सर मुद्दाम येऊन म्हणाले, "गिटार छान वाजवता हो. पण त्या मुलाला एकदा दाखवून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी पेटी आणि गिटार घेऊन भांडायला गेलो.

"काय केलंत मास्तर तुम्ही?"

"काय केलं? आत कुण्या येड्यानं दोन डायोड उलटसुलट लावले होते. आवाज वर गेला की तेचं डोकं उडवून राहिले होते. काढून फेकले. आता बघ, आवाज कसा झऱ्यावानी येऊन राहिला."

"मास्तर, डोकं उडवायलाच तर ती पेटी असते!"

मास्तरांनी चष्मा काढला. "म्हंजे आवाज फाडायची मशीन हाय ही?"

"हाव."

"अन् ती तू विकत घेतली?"

"हाव."

"घरच्यांला मालूम हाय का?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. रागापेक्षा ते जास्त झोंबलं. आज मी पोरांना फळ्यावर लाटेचं चित्र काढून शिकवतो की बघा, लाटेचा माथा कापला की तिच्यात नवे सूर येतात, आवाज खरखरीत होतो. दोन डायोड तेवढंच करतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे सगळं मला लिहिता येत होतं, परीक्षेत त्याला मार्कही मिळाले होते. पण माझ्या पायाखालच्या पेटीत तेच चाललंय हे मात्र मला सातवी पास मास्तरांनी सांगावं लागलं.

मग मी माझी विद्वत्ता काढली. खोक्यावर बसून मास्तरांना रॉकचा इतिहास सांगितला. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून कापसाच्या शेतात राबवलं, ते राबताना गायचे, त्यातून ब्लूज आलं, ब्लूजला वीज जोडली आणि लय पळवली तेव्हा रॉक आलं. त्यात सूर सरळ लावत नाहीत, जरा खाली ओढून, वाकवून लावतात. मी हे सगळं असं सांगत होतो की जणू ब्लूज माझ्याच आजोबांनी कंधारला लावलं होतं.

मास्तर पडद्यावर गोंद लावत ऐकत होते. मग म्हणाले, "एक बाई ओळ टाकती अन् बाकीच्या झेलतेत, तसं का?"

मी म्हणालो, "तसंच. पण तुम्हाला कसं…"

"माझी माय कापूस वेचायला जायची रे. ह्या सरीतून एकीनं हाक टाकायची, त्या सरीतून जवाब. ऊन डोक्यावर आलं की सूर खाली यायचा. वाकवायला शिकावं लागत न्हाई, ऊन वाकवतं." गोंदाचं बोट पुसत ते म्हणाले, "काळी जमीन म्हणून नाव ठेवलं ना तुम्ही? लई चांगलं ठेवलं."

आम्ही ते बॅकलॉगच्या पुस्तकातून उचललं होतं हे सांगायची माझी छाती झाली नाही.

पण मास्तरांना त्या फाटक्या आवाजाचं कोडं सुटेना. म्हणून मी सांगितलं की सुरुवातीला अशा पेट्या नव्हत्याच. कुणाचा स्पीकर फाटला, कुणाचा अँप्लिफायर प्रमाणाबाहेर वाढवला गेला, आणि गिटार अशी काही ओरडली की पोरांना तेच आवडलं. मग लोक मुद्दाम स्पीकरला ब्लेड मारायला लागले. मास्तरांनी भंगारातला एक स्पीकर काढला. दाढीचं ब्लेड घेतलं. बराच वेळ ते हातात धरून बसले. चाळीस-पन्नास हजार कोन शिवलेल्या माणसाला एक फाडायचा होता. शेवटी चार बारीक चिरा मारल्या आणि मान फिरवून मला म्हणाले, "वाजव."

मी तार छेडली आणि नांदेडच्या मोंढ्यात रॉकचा जन्म झाला. समोरचा पानवाला धावत आला, म्हणाला, "मास्तर, जळालं का काही?"

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "म्हंजे फाडायचा," ते म्हणाले, "पर मोजून." मग दोन्ही डायोड शोधून पेटीत परत लावून दिले. तो चिरा मारलेला स्पीकर मात्र संध्याकाळच्या आत त्यांनी शिवून टाकला, आणि त्या दिवसापासून मी दर रविवारी तिथं जायला लागलो.

रविवारी मास्तर माझं पाश्चात्त्य संगीत ऐकायचे आणि एका वाक्यात त्याची चिरफाड करायचे. मेटल ऐकवलं. इंग्लंडातल्या कारखान्यांच्या गावात, मशिनींच्या धडधडीत वाढलेल्या पोरांनी तारा सैल करून, सूर खाली नेऊन हे जड संगीत काढलं, असं मी सांगितलं. मास्तरांनी फडताळातून पेटी काढली, भजनाची, आणि दोन सुरांवर बोटं ठेवली. "नुसता सा अन् प. गंधारच न्हाई यात. गंधार असला की कळतं, माणूस रडून राहिला का हसून. हे नुसतं दरडावून राहिलं." अशा दोन सुरांच्या जोडीवर, तिला पॉवर कॉर्ड म्हणतात, मी इंटरनेटवर तीन तासांचा कोर्स केला होता. त्यात एवढंच होतं.

रॉकची टाळी ऐकवली. चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते ती. आपण पहिलीवर टाळी देतो. मास्तरांना ती पहिल्या झटक्यात जमली. मला आजही जमत नाही. मी एक-दोन वेळा बरोबर देतो आणि मग टाळी आपोआप घसरत पहिलीवर जाऊन बसते. "तुझी टाळी लई आज्ञाधारक हाय," मास्तर म्हणायचे.

फंक, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचाचं संगीत, ऐकवलं तेव्हा तर ते उठून उभेच राहिले. कोनाड्यातली हलगी काढली, तव्यावर जराशी शेकली आणि त्यात शिरले. फंकमध्ये पहिली मात्रा राजा. बास, ड्रम, गिटार, पिपाण्या, सगळे पहिलीवर एकदम पडतात आणि मग प्रत्येक जण थोडंथोडं, तुटक तुटक वाजवतो. गिटारसुद्धा तिथं ताशासारखी वाजते. मला हे समजायला ग्राफ काढावा लागला होता. मास्तर म्हणाले, "पहिल्याला सगळे घरी. मग कुठंबी हिंडा. पर पहिल्याला उंबऱ्यावर दिसायला पाहिजे." पुढचा पाऊण तास त्यांनी मला एकच तार, तीही फक्त पहिल्या मात्रेवर वाजवायला लावली. मधे बोट वळवळलं की हलगी थांबायची. "जागा सोड बाबा, जागा. सगळं तूच भरून राहिला तर बाकीच्यांनी कुठं ऱ्हावं?" हे मला पुढं बायकोनंही सांगितलं, पण मास्तरांनी आधी.

बँड अर्थातच बुडाला. सायलू देगलूरला बियाणांच्या दुकानात बसला, आणि आता त्याचा आवाज तिन्ही भाषांत एकदम स्पष्ट आहे. मी लातूरला आलो. केस आधी कापले आणि मग गेले. पण नांदेडला गेलो की मास्तरांकडे चक्कर ठरलेली. अशी बरीच वर्षं गेली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूरच्या एका मंडळानं मला ‘रॉक, मेटल, सोल, फंक : उगम आणि वैशिष्ट्ये’ या विषयावर व्याख्यान द्यायला सांगितलं. ठरलेला वक्ता आजारी पडला होता. मी बहात्तर स्लाइड बनवल्या. (व्याख्यानाला अकरा माणसं आली, त्यातली दोन पंखा दुरुस्त करायला. तो विषय इथंच संपवतो.) त्याच्या आधी माझे छोटे स्पीकर खरखरत होते म्हणून मास्तरांकडे नेले. सदुसष्टीला आलेले मास्तर, हात जरा कापायचा, कान तसाच. स्पीकर दुरुस्त करून म्हणाले, "लाव काहीतरी."

मी सोल लावलं. राहून गेलेलं तेवढंच होतं. चर्चमध्ये प्रार्थना गात वाढलेली एक काळी बाई, मागं उत्तर देणारा कोरस. बाई वर गेली, आणखी वर गेली, आणि एका जागी तिचा आवाज चिरला. चक्क फाटला. कोरसनं तो झेलला आणि ऐकणारे लोक ओरडले, आनंदानं.

मास्तरांचा अंगठा आणि बोट टेबलावर उलटं फिरलं आणि मधेच थांबलं.

"परत लाव."

लावलं. "परत." मी तेच अर्धं मिनिट नऊ वेळा लावलं. दहाव्या वेळी मी तोंड उघडलं, म्हणालो, मास्तर, सोलमध्ये असा आवाज चिरणं ही चूक मानत नाहीत, ते वैशिष्ट्य आहे, माझ्या एकेचाळिसाव्या स्लाइडवर…

"गप बस जरा," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग गाणं बंद करून बोलायला लागले.

त्यांची एक मोठी बहीण. आक्का. जयंतीची गाणी म्हणणारी त्यांची गायन पार्टी होती. आक्का पुढं, चार जणं झेलायला, आणि ढोलकीवर बावीस वर्षांचा किसन. माईक लावायचं कामही किसनकडेच. लावून झाला की तो माईकमध्येच, चारचौघांत म्हणून मानानं, हाक मारायचा, "आक्का, या," आणि आक्का पदर खोचून उभी राहायची. खेड्याखेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून ऐकायला यायचे. एकदा कॅसेट काढणारा एक माणूस आला. त्यानं आक्काला गायला लावलं आणि मधेच थांबवलं. म्हणाला, बाईचा आवाज वर गेला की फाटतो, दुसरी कुणी बघा. मग किसनकडे वळून विचारलं, तुम्ही वाजवणारे, तुम्हीच सांगा, फाटतो का नाही?

"अन् मी म्हणालो, हाव, फाटतो."

मास्तरांनी टेबलावरचा गोंदाचा डबा उगाच इकडचा तिकडं ठेवला.

"आक्कानं खोचलेला पदर सोडला. त्या दिवसापासून माईकपुढं उभी राहिली न्हाई. हिमायतनगरला दिली, अंगणवाडीत लागली, लेकरांला गाणी म्हणायची तेवढंच. तिच्या तोंडून मी परत गाणं ऐकलं न्हाई. मग मी हे दुकान टाकलं."

‘आक्का, या’ हे मी त्या दुकानात हजारदा ऐकलं असेल. एकदाही विचारलं नव्हतं, कोण आक्का. मला माझी स्वतःची खरोखर किळस आली.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली आणि मास्तरांना घेऊन हिमायतनगरला गेलो. आक्कांचं घर दोन खोल्यांचं, अंगण शेणानं सारवलेलं. आक्का सत्तरी पार केलेल्या, ताठ. "किसन आला? सणवार न्हाई, काही न्हाई?" म्हणाल्या आणि चहा टाकला. मास्तरांना सुरुवात जमेना, म्हणून मी केली. अमेरिका, गुलामगिरी, चर्च, कोरस. दोन मिनिटं ऐकून आक्का म्हणाल्या, "सर, तुमचा चहा निवून राहिला."

मी मुकाट्यानं चहा प्यायलो आणि मास्तरांनी फोनवर ते गाणं लावलं. आक्का गालाला हात लावून ऐकत होत्या. ती चीर आली तेव्हा त्यांच्या भुवया जराशा हलल्या.

"कुठली बाई?"

"अमेरिकेची."

"फाटतो की आवाज तिचा."

"हाव," मास्तर म्हणाले. "अन् लोक तेवढ्यासाठीच बसतेत, आक्का. जग बसतंय." मग त्यांनी फोन खाली ठेवला. "मी तवा चुकलो. तुझा आवाज…"

"माझ्या आवाजाला काय झालं होतं?" आक्का पदरानं कप पुसत म्हणाल्या. "तुझा माईक कच्चा होता."

मास्तरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "हाव आक्का. माईक कच्चा होता." पुन्हा म्हणाले, "माईकच कच्चा होता." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले, सदुसष्ट वर्षांचा माणूस. मी अंगणातल्या कोंबड्या मोजत बसलो.

आम्ही निघताना आक्कांनी विचारलं, "आता तरी चांगला हाय का?"

"हाय," मास्तर म्हणाले. "लई चांगला हाय."

"बघू मग," आक्का म्हणाल्या.

एप्रिलात जयंतीला मास्तर नांदेडहून टेम्पो घेऊन हिमायतनगरला गेले. तिथल्या जयंती मंडळानं त्या दिवसासाठी डीजेवाला आधीच ठरवून ठेवला होता, त्याला मास्तरांनी स्वतः हात जोडून दुसऱ्या दिवशी बोलावलं. मीही लातूरहून गेलो. त्यानंतर मास्तरांना पाहायचं राहून गेलं. दिवाळीच्या आधी ते झोपेतच गेले आणि मला कळलं तेव्हा मी रिपीटर बॅचला घर्षण शिकवत होतो. म्हणून माझ्याकडे आहेत ते शेवटचे मास्तर हिमायतनगरचे.

दिवस मावळायला तासभर होता. विहारासमोर मांडव, पुढं बाया, मागं माणसं, कडेला मिक्सर घेऊन मास्तर, नवा शर्ट घातलेले. चष्म्याच्या काडीची तांब्याची तारही बदललेली. त्यांनी माईक उघडला. भोंगे एकदा हुंकारले. आणि मास्तर म्हणाले, "आक्का, या."

बायांच्या घोळक्यातून आक्का उठल्या. पदर खोचला. चालत येऊन माईकपुढं उभ्या राहिल्या आणि एकदा फक्त मास्तरांकडे पाहिलं.

पहिली ओळ दबकत आली. दुसरी जरा वर. मागच्या चार बायांनी झेलली. तिसऱ्या ओळीला आक्का वर गेल्या, आणखी वर गेल्या, आणि आवाज फाटला. जुनं लुगडं उभं फाटावं तसा फाटला. मिक्सरवर लाल दिवा लागला.

मास्तरांचा हात बटणावर गेला. मी बघत होतो. अंगठा आणि बोट, तेच. बटणाला लागलेही. मग त्यांनी हात उचलला, उजवी मांडी वर केली, हात तिच्याखाली घातला आणि त्यावर घट्ट बसून राहिले. लाल दिवा लागत राहिला. मांडवातून लोकांनी ओळ झेलली, सगळ्यांनी, उभं राहून, आणि आक्का आणखी वर गेल्या. मला धड दिसेना. मी टाळ्या वाजवायला लागलो.

चुकीच्याच मात्रेवर, अर्थात. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला उजवा हात मोकळा नव्हता. डावा त्यांनी वर केला आणि मला खुणेनं दाखवलं, इथं नाही, थांब, आता. मी थांबलो. त्यांनी बोट खाली आणलं आणि मी टाळी दिली.